चक्का कधी घट्ट, कधी पातळ? आधी विरजण तपासा

श्रीखंडाचा धंदा सुरू करणारे दूध पारखून घेतात, साखर तोलून घालतात, पण विरजण मात्र कालच्या दह्यातलं, अंदाजानं. मग एक बॅच घट्ट, दुसरी पातळ. गिऱ्हाईकाला तर दर वेळी तोच माल पाहिजे.

विरजण नेमकं काय करतं?

विरजणातले जिवाणू दुधातली लॅक्टोज साखर खाऊन लॅक्टिक ॲसिड तयार करतात. पीएच 4.6 च्या आसपास आला की केसिन हे प्रोटीन एकमेकांना चिकटून जाळं बनवतं. पाणी त्या जाळ्यात अडकतं. जाळं बारीक असेल तर पाणी टिकतं, जाडंभरडं असेल तर सुटतं.

कल्चर बदललं की पोत बदलतो

- लॅक्टोकोकस जिवाणूंना 25 ते 30 अंश मानवतं. दही हळू लागतं, जाळं बारीक होतं.
- थर्मोफिलस-बल्गेरिकस ही जोडी 40 ते 45 अंशांवर भराभर काम करते. घाईत लागलेलं दही पाणी जास्त सोडतं.
- काही जिवाणू चिकट द्रव्य तयार करतात. दह्याला तार येते आणि चक्का लवकर निथळत नाही.

आता बघा, आपल्या उमरेडात मे महिन्यात दुपारचा पारा 42 च्या वर जातो. तिथं लॅक्टोकोकस मागं पडतात आणि दुसरेच जिवाणू पुढं जातात. म्हणून खोलीच्या तापमानावर भरवसा नको.

चीजमध्येही हेच सूत्र आहे. मोझरेलाचा पीएच 5.2 च्या आसपास आला की तो ताणला जातो, ॲसिड फार वाढलं तर भुगा होतो. पनीर मात्र वेगळं, ते थेट ॲसिडनं फाडतात, तिथं जिवाणूंचं काम नाही.

पैशाचा हिशोब

साध्या चक्क्यात किमान 30 टक्के घनपदार्थ हवेत, असा नियम आहे. समजा, निथळून 1 किलो घनपदार्थ उरले:

- 30 टक्क्यांवर चक्का सुमारे 3 किलो 330 ग्रॅम
- 35 टक्क्यांवर फक्त 2 किलो 860 ग्रॅम
- 25 टक्क्यांवर 4 किलो, पण नियमात नापास आणि श्रीखंड पातळ

म्हणजे जास्त निथळलं तर नफा गेला, कमी निथळलं तर नाव गेलं.

उद्यापासून काय कराल?

कल्चर एकाच प्रकारचं वापरा आणि पाकिटावर दिलेल्या तापमानातच ठेवा. थर्मामीटर घ्या. दही लागलं की लगेच थंड करा, नाहीतर आंबटपणा वाढतच राहतो. प्रत्येक बॅचचं तापमान, वेळ आणि चक्क्याचं वजन वहीत लिहा. दहा बॅचनंतर तुमची वहीच सांगेल, पाणी कुठं चाललंय आणि पैसा कुठं.