ख्रिस्ती श्रद्धा : पुरावा आणि संकल्प
(ना. वा. टिळक व पंडिता रमाबाई यांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
श्रद्धा म्हणजे पुराव्याची उणीव झाकणारी भावना, असा समज सुशिक्षित वर्गात आढळतो. ख्रिस्ती विचारपरंपरेने मात्र श्रद्धेचा संबंध संकल्पाशी, म्हणजेच इच्छाशक्तीशी जोडला आहे. रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१-१९१९) व पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांच्या जीवनाच्या आधारे हा संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

तात्त्विक भूमिका :
तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांच्या मते श्रद्धा ही बुद्धीने सत्याला दिलेली संमती होय. परंतु ती पुराव्याच्या सक्तीने नव्हे, तर ईश्वरी कृपेने प्रेरित झालेल्या संकल्पाने दिली जाते. गणितातील सिद्धान्त मान्य करताना निवडीस वाव नसतो. श्रद्धेत तो असतो. अपुऱ्या पुराव्यावर विश्वास ठेवणे अनैतिक होय, असे डब्ल्यू. के. क्लिफर्ड यांनी १८७७ मध्ये प्रतिपादन केले. त्याचा प्रतिवाद करताना विल्यम जेम्स यांनी १८९६ मध्ये असे मांडले, की जेथे निर्णय अटळ असतो व पुरावा अनिर्णायक ठरतो, तेथे निवड न करणे हीदेखील एक निवडच असते.

दोन जीवनानुभव :
१८९३ मध्ये रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांना 'नवा करार' भेट दिला. ख्रिस्ताच्या डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. तथापि, त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला तो १० फेब्रुवारी १८९५ रोजी. वाचनाने मन वळले होते. परंतु आप्त, जात आणि सहधर्मचारिणी यांच्या वियोगाचा प्रश्न कोणत्याही पुराव्याने सुटणारा नव्हता. पुढे लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या.

रमाबाईंचा क्रम याउलट दिसतो. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र त्रैक्य व चर्चचा अधिकार यांविषयी त्या प्रश्न विचारीतच राहिल्या. ख्रिस्ताचा धर्म मिळाला तरी प्रत्यक्ष ख्रिस्त गवसला नव्हता, ही जाणीव आणि त्यानंतरचा आत्मसमर्पणाचा अनुभव त्यांनी पुढे आत्मनिवेदनात नमूद केला.

निष्कर्ष :
केवळ संकल्पाने श्रद्धा ठेवता येत असेल, तर आत्मवंचनेलाही वाट मिळते, हा आक्षेप रास्त आहे. मात्र टिळकांच्या निर्णयापूर्वी अध्ययन होते आणि रमाबाईंच्या निर्णयानंतरही चिकित्सा थांबली नाही. बुद्धीला पटलेल्या गोष्टीसाठी आयुष्य पणास लावावे की नाही, हे ठरविणे एवढेच संकल्पाचे कार्य होय. ते कार्य पुरावा करू शकत नाही.