वेलस्लीचा वऱ्हाडातला महिना

वॉटर्लूवर नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन साऱ्या जगाला ठाऊक आहे. त्याआधी बारा वर्षं, १८०३ च्या हिवाळ्यात, हाच माणूस फौज घेऊन वऱ्हाडात उतरला होता. त्या महिन्याने वऱ्हाडाचं भवितव्य बदललं, म्हणून ती हकिकत आपल्याकडच्या प्रत्येकाला माहीत असायला हवी.

हा ड्यूक म्हणजे आर्थर वेलस्ली, आयर्लंडमधल्या उमराव घराण्यातला, जन्म १७६९ चा. वडिलांची जहागिरी थोरल्या भावाकडे गेली. धाकट्याने फ्रान्समध्ये आंजेर इथल्या अश्वविद्येच्या शाळेत घोडेस्वारी शिकून लष्कराची वाट धरली. त्या काळी इंग्रज लष्करात हुद्दे विकत मिळत. बाराव्या आणि अठराव्या लाइट ड्रॅगून्स या घोडदळांच्या पटावर त्याचं नाव लागलं. पुढे तो ३३ व्या पायदळ पलटणीचा प्रमुख झाला. १७९७ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल झाला. पाठबळ मोठं होतंच, पण अंगात धमकही होती. १८०० मध्ये बंडखोर धोंडजी वाघावर चालून जाताना घोडदळाच्या अग्रभागी तो स्वतः होता.

पेशव्याने इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहानंतर शिंदे आणि नागपूरकर भोसले इंग्रजांविरुद्ध उभे राहिले. वेलस्लीने जिंकलेल्या असईच्या लढाईनंतर २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावापाशी गाठ पडली. सिरसोली गाव ओलांडताना मराठ्यांच्या तोफा धडाडल्या आणि असईत न डगमगलेल्या इंग्रजांकडच्या शिपायांच्या पलटणी उधळल्या. वेलस्ली जवळच होता. त्याने त्यांना गावाच्या आडोशाला पुन्हा उभं केलं, मैदानात आणलं आणि तोफा थंडावेपर्यंत जमिनीवर निजवून ठेवलं. त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन इतका आजारी होता की हत्तीवर बसून लढाईत आला होता. दिवस मावळता मावळता मराठी फळी मोडली. घोडदळाने चांदण्यात पाठलाग केला. अडतीस तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

पुढे भोसल्यांचा गाविलगड किल्ला. दक्षिणेकडचा कडा सरळसोट, म्हणून स्टीव्हन्सनची फौज सातपुड्यातून वळसा घालून उत्तरेला गेली. रस्ता करत करत अवजड तोफा माणसांनी डोंगरावर ओढून नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून इंग्रज फौज आत शिरली, तरी आतला तट शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने दरीच्या अंगाने शिड्या लावून तो ओलांडला आणि दरवाजा उघडला. गड राखताना किल्लेदार बेनीसिंग राजपूत धारातीर्थी पडला. वेलस्लीच्या कीर्तीइतकंच बेनीसिंगाचं नावही वऱ्हाडाच्या जिभेवर असावं, असं मला मनापासून वाटतं.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावला भोसल्यांशी तह झाला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांशी. ही दोन्ही गावं आजच्या अमरावती जिल्ह्यातली. देवगावच्या तहाने भोसल्यांचा कटक प्रांत ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख इंग्रजांचा दोस्त असलेल्या निजामाला मिळाला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले तेवढे लगतच्या मुलखासह भोसल्यांकडे राहिले.

वेलस्ली १८०५ मध्ये मायदेशी परतला, ड्यूक झाला, पंतप्रधानही झाला. १८५२ मध्ये वारला. दुसऱ्याच वर्षी वऱ्हाड निजामाकडून कंपनीच्या कारभाराखाली गेलं. देवगावात हद्द ठरलेली वर्धा नदी आजही अमरावती आणि वर्धा या जिल्ह्यांमधली सीमा आहे. चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी गाविलगड नुसता पाहू नये. आपल्या मुलुखाचा निकाल इथे लागला, हे मुलांना तटावर उभं करून सांगावं.