शाळेच्या मुलांची दुपारची शिदोरी

आपल्याकडील पुष्कळ खेड्यांत आठवीनंतरचे शिक्षण गावाबाहेर सुरू होते. हायस्कूल बाजाराच्या गावी असते, आणि तेथे वेळेवर पोहोचावयाचे तर मुलास किंवा मुलीस सकाळी आठ-साडेआठलाच घर सोडावे लागते. कोणी सायकलने जातो, कोणी एस.टी.ने, कोणी पायी. परत येईपर्यंत दिवेलागणीची वेळ झालेली असते. या नऊ-दहा तासांत त्याच्या पोटात काय जाते, हा प्रश्न शेतकरी कुटुंबाने आणि ग्रामपातळीवर काम करणाऱ्या आमच्या कार्यकर्त्यांनी एकदा नीट विचारून पाहण्यासारखा आहे.

पहिली ते आठवीच्या मुलांना शाळेत शिजविलेले दुपारचे अन्न मिळते. देशात ही योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. आरंभी पुष्कळ राज्यांत कोरडे धान्यच वाटले जाई. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशानंतर शिजविलेले अन्न देणे बंधनकारक झाले. प्राथमिक वर्गातील मुलास १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी, आणि सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ व ७५ ग्रॅम भाजी असे तिचे प्रमाण आहे. या मुलांना घरून मोठा डबा देण्याचे कारण नाही. उलट, घरचा डबा भरगच्च असला तर मूल शाळेतील गरम अन्न टाकून देते. छोट्या सुट्टीसाठी मूठभर फुटाणे, एखादा पेरू किंवा शेंगदाण्याचा लहान लाडू एवढे त्यांना पुरे.

खरी अडचण नववीपासून पुढे येते. ज्या वयात अंग झपाट्याने वाढते, नेमक्या त्याच वयात शाळेतील अन्न बंद होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वर्षांच्या मुलीस दिवसाला ४३ ग्रॅम प्रथिने व ३० मिलिग्रॅम लोह लागते. त्याच वयाच्या मुलास लोह २२ मिलिग्रॅम पुरते. म्हणजे मुलीची गरज अधिक. प्रत्यक्षात घरात काय घडते? मुलगा आधी जेवतो, मुलगी आईबरोबर शेवटी जेवते. आणि सकाळी घाईच्या वेळी पहिला डबा मुलाचा भरला जातो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या मुलींपैकी शेकडा ५९ मुलींच्या अंगी रक्त कमी असल्याचे आढळले. दुपारी वर्गात डोके धरून बसणारी किंवा खेळाच्या तासाला लवकर दमणारी मुलगी आळशी आहे असे समजण्यापूर्वी तिच्या डब्यात काय होते ते पाहावे.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावी. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्यातून एकदा शाळेत लोहाची निळी गोळी देण्याची योजना आहे. ही गोळी भरल्या पोटी घ्यावयाची असते. उपाशीपोटी घेतली तर मळमळते, आणि मग पुढच्या वेळी गोळी हळूच खिडकीबाहेर जाते. सकाळी नुसता चहा पिऊन आलेल्या आणि डबा नसलेल्या मुलीस गोळीचा लाभ होत नाही, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

आता शिदोरीचा विचार करू. डब्यात काय द्यावे, यासाठी बाजारात जाण्याची आवश्यकता नाही. जे शेतात पिकते तेच पुरेसे आहे. परंतु ते टिकले पाहिजे, सांडता कामा नये, दुपारी मऊ राहिले पाहिजे आणि चार मुलांत बसून खाताना मुलास संकोच वाटता कामा नये. या शेवटच्या गोष्टीकडे मोठी माणसे दुर्लक्ष करतात. शाळेच्या व्हरांड्यात पाहिले तर असे दिसते की, ज्याच्या डब्यात गव्हाची पोळी आहे तो उघड्यावर जेवतो आणि ज्याच्या डब्यात भाकरी आहे तो झाकणाआड घास घेतो. काही मुले भाकरी तशीच परत आणतात आणि दहा रुपयांची तळलेल्या पदार्थांची पुडी घेऊन पोट भरतात. त्या पुडीत मीठ व तेल भरपूर असते; प्रथिने नावापुरती. ज्या घरात पोत्यांनी बाजरी आहे त्या घरातील मुलाने असे उपाशी राहावे, ही खेदाची गोष्ट आहे.

भाकरीविषयी मुलांची तक्रार सर्वस्वी खोटी नाही. सकाळची भाकरी दुपारी वाळून कडक होते. याचे उपाय जुन्या बायकांस ठाऊक आहेत, ते थोडक्यात सांगतो. पीठ ताजे असावे. जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी चिरते. पिठात कढत पाणी घालून उकड घ्यावी व चांगले मळावे. भाकरी भाजून झाल्यावर थोडी निवू द्यावी, नंतर स्वच्छ सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावी. गरम भाकरी घट्ट झाकणाच्या डब्यात कोंडली तर वाफेचे पाणी होते, भाकरी खालून भिजते आणि उन्हाळ्यात तिला वास येऊ लागतो. बाजरीच्या पिठाची आणखी काळजी घ्यावी लागते. बाजरीच्या दाण्यात स्निग्धांश जास्त असल्यामुळे दळलेले पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होऊ लागते. म्हणून एका वेळी आठवड्यापुरतेच दळण आणावे. मुलाने भाकरी टाकली की त्याला बोल लावण्यापूर्वी आईने पिठाची चव घेऊन पाहावी.

तरीही शाळेच्या डब्यासाठी आमची पहिली पसंती भाकरीस नाही, ती थालीपिठास व धपाट्यांस आहे. कारण साधे आहे. ज्वारी, बाजरी, गहू यांच्या प्रथिनांत जो अंश कमी असतो तो डाळींत असतो. थालीपिठात दोन्ही एकत्र येतात. शिवाय थोडे तेल लागल्यामुळे ते दुपारपर्यंत मऊ राहते, भाजी त्याच्याच पोटात जाते आणि सांडण्याचे भय नाही. भाजणीसाठी ज्वारी दोन वाटे, बाजरी दोन वाटे, हरभरा डाळ एक वाटा, तांदूळ एक वाटा, उडीद व गहू अर्धा-अर्धा वाटा आणि मूठभर धणे ही सर्व वेगवेगळी खमंग भाजून दळावी. थोडक्या प्रमाणात केली तर ही भाजणी तीन-चार आठवडे उत्तम राहते. सकाळी त्यात चिरलेली मेथी, कोथिंबीर किंवा शेवग्याचा कोवळा पाला, कांदा, तीळ व ओवा घालून तव्यावर लावले की वीस मिनिटांत डबा तयार होतो. ज्या आईला सातला खुरपणीस जावयाचे असते तिला ही वीस मिनिटेही जड असतात. तेव्हा पाला निवडून धुऊन ठेवण्याचे काम रात्री इतरांनी करावे, आणि त्यात घरातील पुरुषांनी मागे राहू नये.

थालिपिठाबरोबर शेंगदाणा, जवस, कारळे किंवा तिळाची कोरडी चटणी द्यावी. शेंगदाण्यात सुमारे चौथा हिस्सा प्रथिने असतात आणि तिळात चुन्याचे प्रमाण फार चांगले असते. आठवड्यातून दोन दिवस मोडाच्या मटकीची किंवा हुलग्याची कोरडी उसळ असावी. कडधान्यास मोड आले की त्यात क जीवनसत्त्व तयार होते आणि ते पचावयासही हलके होते. ज्या घरी चालते त्या घरी उकडलेले अंडे टरफलासह द्यावे. मात्र कडक उन्हाळ्यात देऊ नये. ओल्या खोबऱ्याची चटणी, रात्रीचा भात व पातळ आमटी या तिन्ही गोष्टी डब्यात वर्ज्य समजाव्यात.

डब्यात लिंबाची एक फोड अवश्य घालावी. हा सल्ला चवीपुरता नाही. धान्यातील व पालेभाजीतील लोह शरीर सहजासहजी घेत नाही. लिंबू, पेरू, आवळा, टोमॅटो यांतील आंबट सत्त्वामुळे ते अधिक घेतले जाते. चहाचे काम याच्या नेमके उलट. जेवणाबरोबर घेतलेला चहा लोह अडवितो. तेव्हा चहा द्यावयाचाच असेल तर जेवणाच्या आधी किंवा नंतर निदान तासभराचे अंतर ठेवावे. गुळात लोह भरपूर असते अशी समजूत सर्वत्र आहे. परंतु मूल जेवढा खडा खाते तेवढ्यात मिळणारे लोह अल्पच असते. शेंगदाण्याच्या लाडवापुरता गूळ घालावा, औषध म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये.

बाजरी पेरणाऱ्या शेतकऱ्यांच्या हाती मात्र एक मोठे साधन आहे. इक्रिसॅट आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांच्या सहकार्याने तयार झालेला ‘धनशक्ती’ हा वाण २०१२ मध्ये महाराष्ट्रात प्रसारित झाला. नेहमीच्या वाणांत किलोमागे सुमारे ५० मिलिग्रॅम लोह असते, धनशक्तीत ते ७० च्या वर जाते. महाराष्ट्रातील निवासी शाळांतील १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींस अशा बाजरीची भाकरी काही महिने देऊन पाहण्यात आली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढल्याचे त्यांत दिसून आले. हा संकरित वाण नव्हे. त्यामुळे चांगली कणसे निवडून बी घरी राखता येते. सर्व क्षेत्र नको असेल तर घरी खाण्यापुरते दहा-बारा गुंठे पेरून पाहण्यास हरकत नाही.

विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीनची कथा निराळी. त्यात शेकडा ३६ ते ४० प्रथिने असतात, पण पिकविणाऱ्याच्या घरात पसाभरही राहत नाही. सगळे आडतीवर जाते. हे धान्य कच्चे खाऊ नये, कच्च्या दाण्यात पचनास अडथळा करणारे द्रव्य असते. उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे शिजवून, उन्हात कडकडीत वाळवून, नऊ किलो गव्हात एक किलो या प्रमाणात दळावे. पोळीची चव बदलत नाही आणि मुलास कळतही नाही.

परसात सांडपाण्यावर दोन शेवगे, एक लिंबू, एक पेरू व कढीलिंबाचे झाड असले की डब्याची निम्मी चिंता मिटते. हिवाळ्यात पेरू, बोरे, सोलाणे व रताळी, पावसाळ्यात मक्याचे उकडलेले कणीस, असे ऋतूप्रमाणे फिरते ठेवावे.

डबा स्टेनलेस पोलादाचा, दोन खणांचा व घट्ट झाकणाचा घ्यावा. लिंबू-चिंचेचे पदार्थ कल्हई नसलेल्या पितळी डब्यात ठेवू नयेत. झाकणाच्या खाचेत व रबरी कड्यात जुने अन्न अडकते. तेथे ब्रशने घासून डबा रात्री पालथा घालावा. पाण्याची बाटलीही रोज धुवावी, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी महिला बचत गटाच्या बैठकीत भाजणी प्रत्यक्ष करून दाखवावी आणि मुख्याध्यापकांच्या संमतीने महिन्यातून एक दिवस सर्व मुलांनी भाकरी किंवा थालीपीठच आणण्याचा पाठ घालावा. सर्वांच्या डब्यात एकच पदार्थ असला की लाजण्याचे कारण उरत नाही. आयांनी संध्याकाळी परत आलेला डबा स्वतः उघडावा. काय उरले आहे हे रागावून विचारू नये, नुसते पाहावे. चटणी संपली आणि भाकरी उरली असेल तर दुसऱ्या दिवशी तेच पीठ थापून त्यात पाला घालावा. उसळ तशीच आली असेल तर तिखट थोडे कमी करून पाहावे. आणि दोन दिवस सारखा रिकामा डबा येत असेल तर तो खरोखर त्यानेच खाल्ला की मित्राने, याचीही एकदा चौकशी करावी.