गुदडी शिकायची? आधी घरातली पेटी उघडा

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघी बहिणी माहेरी गेलो, तेव्हा धाकट्या भावाच्या घरी पाळणा हलणार होता. आम्हा भावंडांची दुपटी अम्मीने स्वतःच्या हाताने शिवली होती. आता तिचा हात थरथरतो, सुईत दोरा ओवता येत नाही. तेव्हा या वेळी दुपटे आम्ही शिवायचे आणि नववीतल्या मुलीलाही सोबत शिकवायचे, असे ठरले.

शाळेत कोणतेही काम शिकवण्याआधी आम्ही साहित्याची यादी करतो. इथे मात्र यादी दुकानदाराने केली आणि आम्ही निमूटपणे पैसे दिले. भरतकामाची लाकडी रिंग, चमकदार पॉलिस्टर दोरा, लांब जाड सुई आणि आत घालायला फुगीर भरण. तीन दिवसांत वीतभरही शिवण झाली नाही. रिंगेत थर मावेनात, दोऱ्याची गाठ निसटे. मुलीच्या बोटाला फोड आला आणि तिने सुई ठेवून दिली. अम्मी एवढेच म्हणाली, “पैले कपडा देखो, फिर सुई.”

आमच्या घरात जिला गुदडी म्हणतात, तिला शेजारी वाकळ म्हणतात आणि पुस्तकात ती गोधडी असते. नाव काहीही असो, एकावर एक थर ठेवून धावदोरा घालायचा, एवढेच काम. त्याला लागणारे साहित्यही थोडकेच.

कापड : वापरून मऊ झालेले सुती कापड सर्वांत चांगले. जुनी साडी, ओढणी, चादर, लुंगी. सिंथेटिक साडी सुईखाली सरकते, नवशिक्याने ती टाळावी. नवे कापड घ्यायचेच असेल तर आधी धुऊन घ्यावे, म्हणजे पुढे आटणार नाही आणि रंगही आधीच सुटून जाईल. पहिल्यांदा तीनच थर घ्या. आकार ३६ इंच लांब, ३० इंच रुंद, म्हणजे हुरूप संपण्याआधी काम संपते.

सुई : साध्या सुयांत नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक आणि आखूड. तीन सुती थरांसाठी ५ ते ७ नंबरची पुरते. दाभण किंवा फार जाड सुई कापडाला भोक पाडते आणि बोटही दुखवते.

दोरा : सुती घ्यावा. एका वेळी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, साधारण १८ इंच. जास्त घेतला की गुंततो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर गुंता आणखी कमी होतो. एक एक इंचावर ओळ घातली, तर वरच्या मापाच्या दुपट्याला गाठी धरून ४० मीटरच्या आसपास दोरा लागतो. १०० मीटरचे एक रीळ पुरून उरते.

अंगुस्तान : शिवणाऱ्या हाताच्या मधल्या बोटात घालायचे. सैल असेल तर निसटते, घट्ट असेल तर बोट बधिर होते. म्हणून जिला शिकायचे आहे, तिला दुकानात घेऊन जा.

बाकी एक धारदार कात्री. तिने कागद कापू नये, धार जाते. रिंग लागत नाही. जमिनीवर थर पसरून, सुरकुत्या काढून चारही कोपऱ्यांवर तांब्या-वरवंटा ठेवावा. मग वीत-वीत अंतरावर मोठ्या टाक्यांनी कच्ची शिवण घालावी. ही टाच नीट बसली की पुढे थर सरकत नाहीत. शिवण कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत आणावी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियाही आपली ‘कवंदी’ अशीच कडेकडून आत शिवत येतात आणि कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले लावतात.

आणि एक नियम कधीच मोडू नये : बसताना सुया मोजायच्या, उठताना पुन्हा मोजायच्या. ज्यावर बाळ निजणार, त्यात सुई राहून चालत नाही.

आम्ही कापड शोधू लागलो, तेव्हा अम्मी स्वतः उठून पेटीकडे गेली. अब्बांना जाऊन चार वर्षे झाली, पण त्यांच्या लुंग्यांना तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. त्यातली एक तिने काढून दिली. “आत घाला,” म्हणाली, “कापू नका.” आम्ही ती न कापता दुमडून मधला थर केला.

दोरा मुलगी ओवायची, टाके आम्ही तिघी घालायचो. संध्याकाळी अम्मी दुपटे मांडीवर घेऊन ओळींवरून बोट फिरवायची. “इथे टाका लांब पडलाय, उसव.” जे आमच्या डोळ्यांना दिसत नव्हते, ते तिच्या बोटांना कळत होते. अकरा दिवसांत दुपटे पुरे झाले.

शिकायचे मनात असेल, तर आधी घरातल्या, नाहीतर शेजारच्या, एखाद्या नानी-दादीपाशी बसा. सुई-दोरा बाजारात कधीही मिळतो. आमची मुलगी आता स्वतःसाठी गुदडी शिवते आहे. कोणते कापड आत घालायचे, हे विचारायला ती दर रविवारी नानीला फोन करते.