तरव्याची पारख टोमॅटोला

आंबोलीत टोमॅटो लावायचा म्हटलं की पहिला वाद ठरलेला. सावंतवाडीच्या नाहीतर आजऱ्याच्या बाजारातून तयार रोपांची जुडी आणायची, की पाकीट फोडून बी पेरायचं? दोन्हीकडचे लोक ठाम असतात. शिवाय ओसरीवरून तिसरं मत येतंच: "हय टोमॅटो होवचो नाय."

गंमत अशी की ही सगळी माणसं भाताची रोपं पिढ्यान्‌पिढ्या स्वतः करत आली आहेत. तरवा किती दिवसांचा झाला, पिवळा का पडला, काढताना मूळ तुटतंय का, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही. जून तरवा लावला तर फुटवे कमी येतात, हेही सांगावं लागत नाही. पण टोमॅटोपाशी आलं की ही नजर घरी राहते आणि बाजारात आपला हात नेमका सगळ्यांत उंच रोपावर पडतो.

"तयार रोप आणलं की फळ महिनाभर आधी"

टोमॅटोचं बी २५ ते ३० अंश उष्णतेत साधारण ५ ते ८ दिवसांत उगवतं आणि लावणीजोगं रोप व्हायला पेरल्यापासून २५ ते ३० दिवस लागतात. तयार रोप घेतल्यावर वाचतात ते एवढेच दिवस. शेतात गेल्यावर घरचं रोप आणि विकतचं रोप एकाच चालीने वाढतात.

वाचलेले दिवस वायाही जाऊ शकतात. प्लास्टिकच्या ट्रेमधल्या चिमूटभर कोकोपीटमध्ये रोप दीड महिना राहिलं तर मुळं जागच्या जागी गोल फिरून गुंतवळ होतं. अशा रोपाला फूलही आलेलं असतं आणि आपण खूश होऊन तेच उचलतो. ते फूल म्हणजे भुकेल्या, कोंडलेल्या रोपाची घाई. जमिनीत गेल्यावर ते बरेच दिवस नुसतं उभं राहतं. शेजारचं पंचवीस दिवसांचं, चार-सहा पानांचं, वीतभरसुद्धा नसलेलं पण जाड बुंध्याचं रोप त्याला मागे टाकतं. विकणाऱ्याची हरकत नसेल तर एक रोप ट्रेमधून उपटून बघावं. मुळं पांढरी हवीत, तपकिरी नकोत.

लांबुडकं रोप गळ्यात पडलंच तर एक सोय आहे. टोमॅटोच्या खोडाला मातीत गाडलं की तिथून मुळं फुटतात. खालची पानं काढून खोड आडवं किंवा खोल पुरावं. मिरची-वांग्याला हे इतकं सहज साधत नाही.

"विकतच्या रोपातून रोग येतो, घरचं बी निरोगी"

हेच वाक्य उलटं करून सांगणारेही तितकेच भेटतात. आंबोलीपुरतं बोलायचं तर दोघांचाही नेम चुकतो.

इथे टोमॅटो मरतो त्याची तऱ्हा ठरलेली आहे. झाड हिरवंगार असतं, फळ धरू लागतं आणि एके दिवशी दुपारी मान टाकतं. संध्याकाळी थोडं सावरतं. दोन-तीन दिवसांनी कायमचं आडवं होतं, पानं पिवळीसुद्धा न पडता. पाणी कमी पडलं असं वाटून माणूस आणखी पाणी घालतो. हा जिवाणूजन्य मर रोग. राल्स्टोनिया सोलॅनेसिॲरम नावाचा जिवाणू मुळांतून शिरून पाणी वाहणाऱ्या नळ्या चोंदवतो. ओल, ऊब आणि आम्लधर्मी माती त्याला मानवते, आणि आपली जांभ्याची, पावसाने धुतलेली जमीन तशीच आहे. मिरची आणि वांगी टोमॅटोचीच भावंडं. जुन्या मराठीत टोमॅटोला बेलवांगी म्हणत ते उगाच नाही. ज्या वाफ्यात गेल्या वर्षी वांगी मेली तिथे यंदा टोमॅटो लावला की तेच होणार.

रोगाची खात्री घरीच करता येते. मेलेल्या झाडाचं खोड बुंध्यापासून कापायचं आणि तो तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात, कापलेलं टोक बुडेल असा, न हलवता धरायचा. काही मिनिटांत त्यातून दुधासारखे पांढरे धागे खाली उतरू लागले तर मर रोगच. बुरशीने मेलेल्या झाडातून असे धागे येत नाहीत. बुरशीनाशकाच्या बाटलीवर पैसे घालण्याआधी ही पाच मिनिटं जरूर द्यावीत, कारण बुरशीनाशक या जिवाणूचं काही बिघडवत नाही.

हा रोग पसरतो माती, पाणी, कुदळ आणि पायांतून. दुसऱ्याच्या शेतातल्या मातीसकट उपटलेली रोपं ओल्या गोणपाटात गुंडाळून आली, तर रोगही गुंडाळून येऊ शकतो. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही तसेच येतात. पण निर्जंतुक कोकोपीटमध्ये जाळीखाली वाढवलेलं रोप आणलं तर ही भीती फारच कमी. उलट घरचं चोख बी परसातल्या त्याच बाधित मातीत पेरलं, तर घरचेपणाचा काही उपयोग नाही. तेव्हा विचारायचं ते "बी की रोप" असं नाही. कोणत्या मातीत वाढलं आणि कोणत्या मातीत जाणार, हे विचारायचं.

भाताचा मळा इथे मदतीला येतो. भाताला हा रोग होत नाही आणि पाणी साठलेल्या खाचरात जिवाणूचं बळ घटतं. म्हणून परसातल्या जुन्या वाफ्यापेक्षा कापणी झालेल्या मळ्यात, उंच गादीवाफ्यावर लावलेला टोमॅटो तगण्याची शक्यता जास्त.

हातांचंही सांगायला हवं. तंबाखू मळलेल्या हातांनी रोपं हाताळली तर तंबाखूवरचा मोझॅक विषाणू टोमॅटोवर जाऊ शकतो. मिश्री लावणाऱ्या बोटांनाही हे लागू. साबणाने हात धुऊन लावणीला बसावं, एवढंच.

"हायब्रीडचं बी उगवतच नाही"

उगवतं, आणि चांगलं उगवतं. फक्त त्यातून आईसारखी लेक निघेलच असं नाही. संकरित वाण म्हणजे दोन वेगळ्या वाणांची पहिली पिढी. तिच्या फळातलं बी पेरलं की दुसऱ्या पिढीत गुण विखुरतात. एक झाड बुटकं, एक पसरट, एकाचं फळ मोठं, एकाचं गोटीएवढं. रोगाला तोंड देण्याची ताकदही काहींत उतरते, काहींत नाही. सरळ वाणाचं मात्र तसं नाही. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या 'धनश्री' किंवा 'भाग्यश्री'सारख्या वाणांचं बी घरी धरता येतं. पिकल्या फळाचा गर दोन दिवस आंबवून, बी धुऊन सावलीत वाळवलं की झालं.

हायब्रीड म्हणजे जनुकीय बदल केलेलं, हाही पक्का समज. संकर करायला चिमटा, पराग आणि सकाळची वेळ पुरते. जनुकीय बदलाचा 'फ्लेवर सेव्हर' टोमॅटो अमेरिकेत १९९४ साली बाजारात आला आणि काही वर्षांत गेलाही. भारतातल्या शेतांत तसा टोमॅटो लागवडीला नाही. पाकिटातल्या बियांचा गुलाबी रंग बुरशीनाशकाचा असतो. तो धुऊन काढू नये, आणि उरलेलं बी पोरांच्या हाती देऊ नये.

"थंड हवेचं ठिकाण, मग टोमॅटो बाराही महिने"

समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीचं आंबोली थंड खरं, पण वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेतं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पान वाळतच नाही. ओलं पान आणि पंधरा-वीस अंशांचा गारवा एकत्र आला की उशिरा येणारा करपा पडतो. १८४५ नंतर आयर्लंडमधला बटाटा ज्याने नासवला, तोच हा. चार दिवसांत झाडाचा लगदा होतो. म्हणून जूनमध्ये घाटाखालून आणलेली सुंदर रोपं ऑगस्टपर्यंत दिसेनाशी होतात आणि "होवचो नाय" हे मत आणखी पक्कं होतं.

पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यापासून, इथलं हवामान टोमॅटोला छान जमतं. उघडं आभाळ, गार रात्र, फळ चांगलं धरतं. त्यासाठी रोप ऑक्टोबरात हातात हवं, म्हणजे बी सप्टेंबरच्या मध्यावर छपराखाली पडलं पाहिजे. बी पेरण्याच्या बाजूने माझा कौल आहे तो इथे. पैसे वाचतात म्हणून नाही, घरचं ते शुद्ध म्हणूनही नाही. वेळ आपल्या हातात राहते आणि वाणही. बाजारात जुडी विकणाऱ्याला वाण विचारलं तर बहुतेकदा "गावठी" नाहीतर "हायब्रीड" एवढंच कळतं. मर रोगाच्या जमिनीत वाणावर सगळं अवलंबून असतं. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा 'अर्का रक्षक' हा संकर मर रोग, पर्णगुच्छ विषाणू आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक आहे. केरळची लाल, आम्लधर्मी माती आपल्याच गोत्रातली. तिथल्या कृषी विद्यापीठाचे 'शक्ती' आणि 'अनघा' हे सरळ वाण याच रोगासाठी काढलेले. ही नावं बाजारच्या जुडीत सापडणं कठीण, बियांच्या पाकिटावर सापडतात.

नारायणगावच्या बाजूचे मोठे बागायतदार हा वाद कधीच सोडवून बसलेत. ते आपल्या पसंतीचं बी रोपवाटिकेला देतात आणि जाळीखालच्या ट्रेमध्ये रोपं करून घेतात. दहा झाडं लावणाऱ्याला तसं करता येत नाही, पण भोक पाडलेल्या करवंट्यांत कोकोपीट आणि चाळलेलं शेणखत भरून पेरता येतं. पाणी हात राखून घालावं. आंबोलीच्या दमट हवेत कोवळी रोपं बुंध्यापाशी कोलमडतात ती बहुतेक वेळा जास्त पाण्याने.

"बी स्वस्त पडतं"

मोठ्या शेतात हिशेब वेगळा, पण परसात फसवा. एका ग्रॅममध्ये टोमॅटोच्या सुमारे तीनशे बिया बसतात, आणि आपल्याला लागतात दहा झाडं. उरलेलं पाकीट जुलैच्या दमटपणात कपाटात पडलं की पुढच्या वर्षी उगवण घसरते, आणि दोष कंपनीला जातो. कोरडं, हवाबंद ठेवलं तर तेच बी तीन-चार वर्षं चालतं. दोन-तीन घरांनी मिळून एक पाकीट फोडावं हे बरं.

दहाऐवजी चारच रोपं जगली तरी हरकत नाही. नोव्हेंबरमध्ये पानांच्या बेचक्यांतून फुटणारे वीतभर फुटवे आपण काढून फेकतो. निरोगी झाडाचे असे दोन-चार फुटवे ओल्या कोकोपीटमध्ये सावलीला खोचले, तर साधारण दहा दिवसांत त्यांना मुळं सुटतात. ते बी नव्हे, विकतचं रोपही नव्हे, आणि वाण तोच.