घराची दुरुस्ती : आखणी दिवाळीत, पूर्तता मृगाआधी
— ऊस विकास अधिकारी



'घर पाहावे बांधून' ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. पण जुने घर दुरुस्त करणे हे नवे बांधण्याहून अवघड, कारण मोडायला दोन दिवस लागतात आणि उभे करायला दोन हंगाम. नवा स्लॅब, खिडक्यांना पोत्याचे पडदे आणि अंगणात मुरमाचा ढीग, असे अर्धवट घर प्रत्येक गावात एक तरी दिसते. पैसा खोट्या कामात गेला असे नाही. कामाचा क्रम चुकला, एवढेच.

आधी छप्पर पाहा. उमरखेड, पुसद, महागाव भागात माती-दगडाच्या भिंती आणि वर धाबे अशी जुनी घरे अजून आहेत. गळती थांबावी म्हणून दरसाल धाब्यावर मातीचा थर चढतो. फूटभर जाडीचा थर दहा बाय दहाच्या खोलीवर धरला, तर ते वजन सुमारे साडेचार टन भरते. म्हणजे उसाने भरलेल्या दोन बैलगाड्या आपल्या डोक्यावर उभ्या! 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सात हजारांहून अधिक माणसे गेली, त्यांतली बहुतेक अशाच जड छपरांखाली व दगड-मातीच्या भिंतींखाली. हे दूरचे समजू नका. 21 मार्च 2024 रोजी पैनगंगेपलीकडे हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, आणि त्याच वर्षी 10 जुलैला पुन्हा तेवढाच. म्हणून पैसा थोडा असेल तर फरशी आणि रंग राहू द्या, पण धाब्याची माती उतरवा. उतरवताना दोन्ही बाजूंनी थोडी थोडी काढावी, आणि तिचा ढीग भिंतीला टेकवू नये.

जुन्या भिंतीवर स्लॅब नको. पाच इंची स्लॅबचे वजनही त्याच खोलीवर जवळजवळ तीन टन होते. मातीत रचलेली भिंत ते पेलण्यासाठी नसते. स्लॅबच हवा असेल तर पायापासून खांब उभारून स्वतंत्र सांगाडा करावा लागतो, आणि तो जाणकार अभियंत्याला विचारूनच. तेवढी ऐपत नसेल तर लाकडी किंवा लोखंडी कैच्यांवर पत्रे उत्तम. वजन फार कमी, आणि पुढे काढून पुन्हा वापरता येतात.

पाणी भिंतीपासून दूर न्या. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंतींना तिरप्या भेगा पडतात त्या बहुधा यामुळे. नुसते सिमेंट भरून भेग बुजत नाही, पुढच्या साली पुन्हा उघडते. न्हाणीचे पाणी पायाशी मुरू देऊ नका. घराभोवती बाहेर उताराची तीन फूट फरसबंदी करा. नवा पाया काळ्या थरात न थांबवता खालच्या घट्ट मुरमापर्यंत न्या.

पैशाचा हिशोब. ऊसबिल म्हणजे सगळा घराचा पैसा नव्हे. सोसायटीचे देणे वजा जाते. ऊस तुटल्यावर पंधरवड्यात खोडव्याचे बुडखे छाटणे, नांग्या भरणे, खताचा हप्ता देणे हा खर्च येतो. तो आधी बाजूला काढा. खोडवा उपाशी ठेवून घर रंगवलं तर पुढच्या साली त्याच घरावर कर्ज काढायची पाळी येते. उरलेल्या रकमेतून सहावा हिस्सा अडीअडचणीला ठेवा. तीन लाख उरणार असतील तर अडीच लाखांचंच काम ठरवा. भिंत उघडली की आत काय निघेल ते कुणालाच सांगता येत नाही.

कामाचे वेळापत्रक. दिवाळीत मापे घ्यावीत, अंदाजपत्रक करून घ्यावे, ग्रामपंचायतीची लेखी परवानगी काढावी. बांधावरचा साग कापायचा असेल तर आधी वनखात्याकडे अर्ज करा. 1964 च्या झाडतोड कायद्यात साग येतो, माल आपला असला तरी परवानगी लागते. ऊस तुटल्यावर माघ-फाल्गुनात छप्पर आणि गवंडीकाम उरकावे, कारण वैशाखात विहिरी तळाला जातात आणि सिमेंटला तर पाणी हवेच. वाफ्यासारखी आळी करून दहा ते चौदा दिवस पाणी साठवा. स्लॅबचे टेकू चौदा दिवस, तुळईचे एकवीस दिवस काढू देऊ नका. सिमेंट लागेल तेवढेच आणा आणि फळ्यांवर रचा. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद बरीच घटते. वीज, नळाचे काम गिलाव्याआधी, रंग सर्वांत शेवटी.

मिस्त्रीशी बोलणे कागदावर. दर, माप, मुदत लिहून घ्या. उचल झालेल्या कामापेक्षा जास्त देऊ नये. दहावा हिस्सा हाती ठेवा. मृगाचा पहिला पाऊस पडू द्या, छताखाली फिरून पाहा, मग तो द्या.

एकदम सगळे घर जमत नसेल तर एक खोली घ्या, पण ती छपरापासून दारापर्यंत पुरी करा. पाच एकर ऊस अर्ध्या पाण्यावर लावण्यापेक्षा दोन एकर पुरत्या पाण्यावर लावावा, हे आम्ही आपल्याला नेहमी सांगतो. घरालाही हाच नियम. यंदा ज्यांच्या घरावर धाबे आहे त्यांनी एवढे एक काम तरी पावसाआधी मनावर घ्यावे, ही विनंती.