मान वर करून छताकडे बघा!

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दोन दिवस झड लागली होती. दुपारी अडीचच्या सुमारास आमच्या गल्लीतल्या मावशींचा फोन आला, "ताई, आत्ताच्या आत्ता या ओ!" आवाज नेहमीचा नव्हता. भाकरीचं पीठ परातीत तसंच टाकून मी धावले.

मावशी घरीच पाळणाघर चालवतात. नऊ लेकरं. कुणाची आई लॉजवर चादरी धुते, कुणाची देवळाच्या रस्त्यावर पेढ्याच्या दुकानात उभी असते, कुणी शेंगाचटणी कुटते. मी आत गेले आणि पाय जागीच थिजले. मधल्या खोलीत, अंथरलेल्या गोधड्यांवर ओल्या मातीचा ढीग आणि त्यात कुजलेल्या लाकडाचा तुकडा. वरती माळवदाला हे एवढं भगदाड!

लाइट गेली म्हणून मावशींनी मुलांना पुढच्या सोप्यात आणून बसवलं होतं. एरवी त्या वेळी ती त्याच गोधड्यांवर झोपलेली असतात.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण "घर मोठं आहे, एकट्याच आहात, पाळणाघर सुरू करा," असं मावशींच्या मागे मीच लागले होते. सुरू करण्याआधी जागा बघायला गेले होते, तेव्हा काय बघितलं? मावशींचा मायाळू स्वभाव, स्वच्छ भांडी, सारवलेलं अंगण. मान वर करून छताकडे एकदाही बघितलं नाही!

खरं तर आपल्या भागातल्या बाईला हे सांगावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपण कशी विसरू? गणपती विसर्जनाची रात्र सरत होती आणि किल्लारीला भूकंप झाला. इकडेही जमीन हलली. मी शाळकरी होते, आईनं मला हाताला धरून ओढत रस्त्यावर आणलं होतं. लातूर-उस्मानाबाद भागात हजारो माणसं गेली, ती बहुतेक स्वतःच्याच घराखाली. मातीत रचलेल्या दगडी रुंद भिंती आणि वर माळवदाचा बोजा. पाऊस गळतो म्हणून दर काही वर्षांनी त्यावर मातीचा नवा थर पडत जातो. पाणी मुरलं की वजन आणखी वाढतं, खाली तुळया कुजत जातात. घर उन्हाळ्यात गार राहतं खरं, पण आतून पोखरलेलं आपल्याला दिसत नाही.

आगीचंही तसंच. १६ जुलै २००४ ला तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत मुलांचं जेवण शिजत असताना आग गवती छपराला लागली. ९४ मुलं गेली. स्वयंपाक, छप्पर आणि बाहेर पडायची अरुंद वाट, या तीन गोष्टींनी घात केला. घरच्या पाळणाघरात या तिन्ही असतात की!

२०१६ मध्ये नवी मुंबईत खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली. ते कॅमेऱ्यात दिसलं, आणि जो तो आया आणि कॅमेरे यांवर बोलू लागला. ते योग्यच होतं. पण भिंत, छप्पर, वायरिंग यांबद्दल कोण बोलणार? २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं असं ठरलं. पण आपली चटणी कुटणारी बाई कुठल्या पन्नासांत मोजायची? तिचं लेकरू असंच कुणा मावशीकडे, कुणा काकूकडे. म्हणून तिथली तपासणी आपणच करायची.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या आयांना बोलावलं. मावशी म्हणाल्या, "बंद करते ताई, मला नको ही जोखीम." तशी लॉजवर काम करणारी मुलगी फटकन म्हणाली, "मग मी लेकराला जिन्यात बसवू का ओ?" सगळ्या गप्प. तिचंही खोटं नव्हतं.

शेवटी शेजारच्या स्लॅबच्या घरातल्या तळमजल्याच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. आयांनी थोडे पैसे वाढवले, बचत गटानं कर्ज दिलं. या वेळी मात्र गवंडी आणि वायरमन दोघांना आधी नेलं, सामान नंतर. तेव्हा शिकलेलं सांगते, लिहून ठेवा.

मुलं तळमजल्यावरच हवीत. छताला ओल, भिंतीला तिरकी भेग, फुगलेली तुळई दिसली की गवंड्याला दाखवायचं, चुना लावून झाकायचं नाही. बाहेर पडायला दोन वाटा हव्यात आणि त्या वाटेत पिंप, सायकल, पोती काही नको. खिडकीला गज असतील तर दुसरं दार हवंच. दाराची आतली कडी मुलाच्या हाताला लागेल अशी नको, नाहीतर आत कोंडून घेतात.

सिलिंडर मुलांच्या खोलीत अजिबात नको. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो आणि मुलं तर जमिनीवरच झोपतात! त्यामुळे स्वयंपाकघरात खालच्या बाजूलाही हवा जायला जागा हवी, आणि काम झालं की रेग्युलेटर बंद. विजेला अर्थिंग हवं, शिवाय शॉक बसताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा स्विच बसवून घ्या. खालचे प्लग झाकून टाका. हौदाला झाकण आणि कुलूप, बादली वापरून पालथी. रांगतं मूल चार बोटं पाण्यातही बुडू शकतं. जिन्याला फाटक, आणि कठड्याच्या गजांत चार इंचांपेक्षा कमी फट. कपाट भिंतीला पक्कं ठोकलेलं हवं, मुलं त्यावर चढतात. भिंतीवर मोठ्या अक्षरात आयांचे नंबर आणि १०८, १०१ लिहा.

यातली निम्मी कामं फुकटात होतात. आमच्याकडे बादली पालथी घालायला आणि कडी वर सरकवायला काय खर्च आला?

परवा सहज डोकावले. नऊची अकरा झालीत. मावशी एकाला भात भरवत होत्या. मला बघून हसल्या आणि हळूच वर बोट दाखवून म्हणाल्या, "ताई, मी रोज सकाळी आधी वरती बघते, मग झाडू घेते."

तुमचं बाळ ज्या घरी जातं, तिथे उद्या पाच मिनिटं जास्त थांबा. चहा घ्या, गप्पा मारा, आणि एकदा मान वर करून छताकडे बघा. मावशी रागावणार नाहीत. रागावल्याच, तर माझं नाव सांगा!